गंज लावणारी अहल्याक्का

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या घरात, मागच्या खोलीत, अहल्या रोज सकाळी नऊ ते बारा गंज लावत बसते. हो, लावत. काढत नाही. आणि तिच्या थोरल्या भावाला, जयतीर्थाला, ही गोष्ट गेल्या सहा वर्षांत एक दिवसही पचलेली नाही.

"एकतीस वर्षं होसकोट्याला गंजाचा ठिपका दिसला की माल परत पाठवायचीस. आता घरी बसून चांगल्या वस्तूला गंज चढवतेस. अय्यो, कुणाला सांगू मी हे?"

"कुणालाच सांगू नकोस, अण्णा. कॉफी निवतेय, ती पी आधी."

आता जयतीर्थ म्हणतो ते काही खोटं नाही. होसकोट्याला पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथे अहल्या रंगखात्यात तपासनीस होती. रंगवलेला भाग उजेडात तिरका धरायचा, त्यावरून बोट फिरवायचं, आणि कुठे ब्रशची रेघ दिसली, रंगाखाली बुडबुडा लागला, कडेला टाचणीच्या टोकाएवढा गंज आढळला, की लाल खडूने फुली. मॅनेजर हात जोडून उभा राहो नाहीतर ट्रक दारात खोळंबो, अहल्याक्काची फुली पुसली जात नसे. कारखान्यातले लोक पाठीमागे तिला फुलीबाई म्हणत. हे तिच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला ते आवडायचंही.

निवृत्तीच्या दिवशी आपल्याला समई मिळणार अशी तिची खात्री होती. मिळाला एक पुठ्ठ्याचा खोका. झाकणावर पाणबुडीचं चित्र आणि आत प्लास्टिकचे दीडशे तुकडे. भेट आणायला ज्याला पाठवलं होतं त्याला वाटलं, अक्कांना काहीतरी रंगवायचं द्यावं. अहल्येने तोंडावर हसून आभार मानले आणि बसमध्ये बसल्यावर त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

पण घरात रिकामं बसवेना. तिने ती पाणबुडी जोडली, रंगवली. रंग असा तुळतुळीत लागला की कारखान्यात दाखवला असता तर टाळ्या पडल्या असत्या. टेबलावर ठेवून ती लांबून बघायला गेली, आणि तिचीच निराशा झाली. पाणबुडी कसली, साबणदाणी दिसत होती! मग तिने इंटरनेटवर जगभरातल्या छंदवाल्यांची कामं धुंडाळली आणि तिच्या ध्यानात आलं की हे लोक वस्तू रंगवून थांबत नाहीत. रंगवून झाल्यावर ती जुनी करतात. उन्हाने विटल्यासारखी, मिठाने खाल्ल्यासारखी करतात, गंजवतात. समुद्रावरून वर्षभर हिंडून आली म्हणजे बोट जशी दिसेल तशी ती दोन फुटी वस्तू दिसली पाहिजे.

झालं, तिथून बाई जी लागली ती लागली. विमानं नाहीत, रणगाडे नाहीत, फक्त पाणबुड्या. पाणबुडीला ना पंख ना शिडं, नुसतं लांबलचक अंग. रंग चुकला तर लपवायला जागाच नाही, आणि अहल्येला हेच तर हवं होतं. पाचसहा वर्षांत तिचा हात असा बसला की परदेशातले लोक तिच्या कामाचे फोटो बघून तोंडात बोटं घालू लागले.

आणि तरीही तिला एक गोष्ट डाचायची. मल्लेश्वरममधल्याच एका सभागृहात छंदवाल्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे ती टेबल मांडून बसायची. येणारा जाणारा विचारायचा, "खरी अशीच असते का हो?" आणि तिला उत्तर देता यायचं नाही. तिने खरी पाणबुडी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिची वाहवा करणाऱ्यांनीही पाहिली नव्हती. जन्मभर दुसऱ्याचा माल तपासणाऱ्या बाईचा स्वतःचा माल तपासायलाच कुणी नव्हतं! एकदा, फक्त एकदा, खऱ्या पाणबुडीवर चाललेल्या माणसाने आपलं काम पाहून "हीच ती" असं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. ही इच्छा तिने भावालाही बोलून दाखवली नव्हती.

गेल्या जानेवारीत त्याच टेबलापाशी सुखदा आली. पुण्याची मुलगी, आयटीत कामाला, राहायला बेळ्ळंदूर. दहा मिनिटं वाकून वाकून बघत राहिली, अहल्या फोनवर भावाशी बोलली ते ऐकलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी बोलताय ना? माझे बाबा सबमरीनवर होते. पंधरा वर्षं."

अहल्येच्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

सुखदाचे वडील येसाजी सुर्वे. मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी विशाखापट्टणमला, रशियन बनावटीच्या एका पाणबुडीवर. ती बोट केव्हाच भंगारात गेली. घरात तिचा एक फोटो नाही, कारण तेव्हा काढूच देत नसत. आणि बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "मे महिन्यात त्यांची पंचाहत्तरी आहे. त्यांची बोट करून द्याल? पण सरप्राइज हं, त्यांना काहीच कळता कामा नये."

आता इथेच अहल्येने थांबायला हवं होतं. ज्याची बोट त्याला काही विचारायचं नाही, आणि बोट मात्र हुबेहूब करायची! कारखान्यात कुणी असं काम आणलं असतं तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण "हीच ती" ऐकायची आस माणसाला कुठून कुठे नेते. "सरी, बरं," ती म्हणाली. "करते."

चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. त्या जातीच्या बोटीचा संच मागवला. इंटरनेटवर पुष्कळ फोटो सापडले, रंगाचे पोपडे सुटलेल्या, कडेने तांबडे ओघळ आलेल्या बोटींचे. अहल्या खूश झाली. मग तिने आधी संपूर्ण अंगाला गंजाचे रंग दिले, तांबडा, तपकिरी, थोडा केशरी. त्यावर केसांना मारतात तो स्प्रे. त्यावर काळा. आणि काळा पुरता वाळायच्या आत ओल्या ब्रशने हळूहळू घासायचं. खालचा स्प्रे विरघळतो, वरच्या काळ्याचे बारीक पोपडे सुटतात आणि आतला गंज डोकावतो. पाणबुडीच्या कडेला पाणी आतबाहेर व्हायला भोकांची रांग असते. अशी एकशे बारा भोकं होती, आणि प्रत्येकाखाली तिने तेलरंगाचा एकेक ओघळ काढला, दोन केसांच्या ब्रशने. पाण्याच्या रेषेवर हिरवट शेवाळ, त्याच्या वर मिठाचा पांढुरका पट्टा.

काम पुरं झालं तेव्हा जयतीर्थसुद्धा दारात येऊन उभा राहिला. चष्मा वर केला, खाली केला. "बघवत नाही इतकी खरी झालीय," म्हणाला. अहल्या ते ऐकून दोन दिवस हवेत होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती खोका मांडीवर घेऊन बेळ्ळंदूरला गेली. रस्ताभर ड्रायव्हरला "स्वल्प हळू, स्वल्प हळू" करून तिने भंडावून सोडलं. चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात पंधरावीस माणसं होती. येसाजी खिडकीपाशी ताठ बसलेले. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि उजवा हात सारखा थरथरतोय म्हणून त्यावर डावा ठेवलेला. त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, ओवाळलं. मग सुखदाने बोटीवरचं कापड काढलं आणि सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

येसाजी उठले. बोटीपाशी आले, वाकले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बघत गेले. अहल्येचा जीव टांगणीला लागला होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस दोन हातांवर उभा होता.

"कुणी ठेवली हिला अशी?" येसाजी म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"हिचं डेक माझ्याकडे होतं. पंधरा वर्षं. एवढा गंज? मी असताना?" त्यांनी जमलेल्यांकडे पाहिलं. "लोकांना बोलावून हे दाखवायचं होतं होय मला?"

आणि भरल्या घरात, टिळा लावलेल्या कपाळाने तो म्हातारा माणूस आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. सुखदा रडवेली झाली, पाहुणे केककडे बघत राहिले. आणि अहल्या? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुली मिळाली होती तिला. ज्याच्यासाठी जीव टाकला त्या कामावर, आणि तीही तपासायचा हक्क असलेल्या एकुलत्या एका माणसाकडून.

घरी आल्यावर तिने ब्रश धुवून डब्यात ठेवले आणि डब्याला झाकण लावलं. दहा दिवस मागच्या खोलीत गेली नाही. जयतीर्थाने एकदाही टोमणा मारला नाही, उलट भाजी आणून दिली. त्यावरून आपलं तोंड किती उतरलेलं असेल ते तिला समजलं.

अकराव्या दिवशी शालनबाईंचा फोन आला. "ताई, रागावू नका हो. ह्यांनी ती बोट खरवडायला घेतलीय. भांड्यांच्या तारेच्या घासणीने. मी सांगून थकले. तुमची एवढी मेहनत... तुम्ही येऊन घेऊन जा ती."

अहल्येच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही आवडली तर नाही आवडली, पण घासणी? चार महिन्यांच्या कामावर? ती तशीच निघाली. जाताना मात्र, का कोण जाणे, ब्रशांचा डबा पिशवीत टाकला.

येसाजी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसले होते. मांडीवर बोट. एक बाजू पार ओरबाडलेली, पेरिस्कोप मोडून बाजूला पडलेला, आणि थरथरत्या हाताने घासणं चालूच.

"अहो, काय करताय हे! थांबवा आधी!"

येसाजींनी वर पाहिलं. "तुम्हीच केलीत ना ही? मग मला सांगा, अशी का केलीत?"

"फोटो बघून केली. दहा बोटींचे फोटो होते. सगळ्या अशाच होत्या."

"कधीचे फोटो?"

कधीचे ते अहल्येने पाहिलंच नव्हतं.

"ते नोकरीतून काढल्यानंतरचे," येसाजी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नुसत्या बांधून ठेवल्या की त्या अशा होतात. माणसं उतरवून घेतलेली असतात ना. माणसं असताना गंज कुठला, बाई? बंदरात आलो की बाकीचे घरी पळायचे आणि मी दोन दिवस मागे राहून चिपिंगचा, पोपडे उडवायचा हातोडा घेऊन बसायचो. ठिपका दिसला की खरवड, रेड ऑक्साइडचं अस्तर लाव, वर काळा मार. पंधरा वर्षं एक ठिपका राहू दिला नाही मी."

पाणी घेऊन आलेल्या शालनबाई दारातच थांबल्या. "म्हणून दोन दिवस उशिरा यायचात? आणि मी इकडे उगाच भांडत होते तुमच्याशी!"

अहल्येला मात्र आपला लाल खडू आठवला. एकतीस वर्षं. टाचणीच्या टोकाएवढ्या गंजासाठी तिने ट्रक अडवले होते. तिच्या हाताखालून गेलेला एखादा पंप कुणी असा गंजवून, तिच्या वाढदिवसाला, हारतुरे घालून समोर ठेवला असता तर? तिने तर आणणाऱ्यांना घराबाहेर काढलं असतं. येसाजी नुसते आत जाऊन बसले, तो त्यांचा चांगुलपणा. दुनियेत हे कळायला सर्वांत लायक कुणी होती तर ती, आणि तिलाच कळलं नाही! फोटोतला गंज खरा, म्हणून बोट खरी, असा सरळ हिशेब करून ती मोकळी झाली. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवले नाहीत.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण घासणीने नाही काढायचा हो तो. ओरखडे पडतात. द्या इकडे, मी दाखवते."

त्यानंतर चार शनिवार अहल्या मेट्रो आणि टॅक्सी करून बेळ्ळंदूरला गेली. पहिल्या शनिवारी दोघांनी मिळून उरलेले ओघळ आणि गंज पुसला. प्रत्येक ओघळ पुसण्याआधी ती तो एकदा डोळे भरून बघून घ्यायची. दुसऱ्या शनिवारी पेरिस्कोप जोडला आणि अस्तराचा पहिला राखाडी हात दिला. तिसऱ्या शनिवारी काळा रंग. अहल्येने आणलेला काळा येसाजींना पटेना. "हा कोळशासारखा आहे. आमचा जरा निळ्याकडे झुकायचा." पाच वेळा मिसळला तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. ब्रश मात्र त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवला. तो हात असा थरथरायचा की रंग एकीकडे जाड, एकीकडे पातळ, रेघाच रेघा. अहल्या शेजारी बसून ओठ दाबून धरायची. "इथे स्वल्प..." एवढं एकदा तोंडातून निसटलं, तर म्हातारबुवांनी असं बघितलं की पुढचं तिने गिळून टाकलं. बोलायला मात्र ते लागले होते. आत किती उकडायचं, डिझेलचा वास केसांतून आठ आठ दिवस कसा जायचा नाही, असलं काय काय. शालनबाई भाजी निवडायचं निमित्त करून तिथेच बसायच्या. त्यांनाही हे सगळं नवंच होतं.

चौथ्या शनिवारी बोट पुरी झाली. स्वच्छ, काळीभोर, एक डाग नाही. अहल्येने मनातल्या मनात म्हटलं, पुन्हा साबणदाणी. असो. ज्याची बोट त्याला पटली म्हणजे झालं. तरीही तिच्याने राहवेना, विचारलंच. "आता हीच का हो?"

येसाजींनी बोट फिरवून फिरवून बघितली. "नाही," म्हणाले.

अहल्येने कपाळाला हात लावला. "आता काय राहिलं?"

"कुणी चाललेलंच नाही हिच्यावर." त्यांनी बोट पुढ्यात ओढली. "इतकी कोरी कशी असेल? आम्ही होतो ना वर." मग त्यांचं नख डेकवरून सरकत पुढे गेलं आणि पेरिस्कोपच्या मनोऱ्याच्या जरा पुढे, डाव्या कडेला टेकलं. "इथला रंग कधीच टिकायचा नाही. दर वेळी मीच लावायचो आणि दर वेळी माझ्याच बुटांनी जायचा. बंदर सोडताना दोर आत घेतले की मी इथे उभा राहायचो. इथून क्वार्टर्सची गच्ची दिसायची."

शालनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आपली गच्ची? मी दिसायचे?"

"छे! एवढ्या लांबून कुठली दिसणार? नुसती गच्ची दिसायची." येसाजी बोटीकडेच बघत म्हणाले, "तू असशील असं धरून चालायचो."

"होतेच मी," शालनबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी निघणार ते सांगायचा कुठे? सांगायची बंदीच होती तुम्हाला. म्हणून मग रोज सकाळी जायचे."

"रोज?"

"रोज. पाऊस असला तरी."

येसाजींचं नख तिथेच टेकलेलं होतं.

अहल्येने डबा उघडला. कापसाची काडी थिनरमध्ये बुडवली, टिपून घेतली आणि येसाजींचं बोट हळूच बाजूला करून त्या जागी टेकवली. दोन पावलांपुरता रंग काढायचा होता. त्या मापात दोन पावलं म्हणजे दोन तीळ. काळा निघाला, खालून राखाडी दिसू लागला. तिने काडी उचलली आणि येसाजींकडे पाहिलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी जवळ वाकून बघितलं.

"अजून थोडा काढा," ते म्हणाले. "पुष्कळ वेळा उभा राहिलोय मी तिथे."

अहल्येने अजून थोडा काढला.